दाद मागायची म्हणजे काय मागायचं?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला इथे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोलायला बोलावलं आहे. कलमं मी सांगणारच आहे, पण शेवटी. त्याआधी एका शब्दाविषयी बोलू द्या. 'दाद' हा तो शब्द. मी काही भाषातज्ज्ञ नाही, समाजकार्याची पदवी घेतलेली साधी कार्यकर्ती आहे. पण या शब्दाने मला गेले काही महिने स्वस्थ बसू दिलेलं नाही.

झालं असं की, आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, घरकाम करणाऱ्या. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं होतं. पोलीस चौकीत तीनदा जाऊन आल्या होत्या. "घरातला मामला आहे, घरात मिटवा," असं त्यांना प्रत्येक वेळी सांगण्यात आलं. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला नेमकं काय हवंय? घर, खर्च, फारकत?" त्या म्हणाल्या, "ते तू बघ. मला दाद पाहिजे. माझी कुणी दादच घेत नाही." मी अर्जात 'न्याय मिळावा' असं लिहिलं. वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "न्याय नको लिहू, दाद लिही."

हे मी आमच्या किशोरी गटात सांगितलं, तर एका मुलीने विचारलं, "ताई, दाद हा शब्द दादावरून आलाय का? आपण काहीही झालं की कुठल्या तरी दादाकडेच जातो ना?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण उत्तर मला माहीत नव्हतं. घरी येऊन शोधायला बसले आणि मग शोधतच राहिले.

दादाशी या शब्दाचा काही संबंध नाही. तो फारसीतून आला. बहमनी काळापासून आपल्याकडे दरबाराची आणि दप्तराची भाषा फारसी होती. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला हे आपण शाळेत शिकलो. तरीही दाद, फिर्याद, दावा, वकील, कायदा हे शब्द मराठीत आजही ठाण मांडून आहेत. कोर्टाची पायरी चढणाऱ्या माणसाची भाषा कोश काढून बदलत नाही, हे सरकारच्या अजून लक्षात आलेलं नाही. आजच्या सरकारी भाषांतरात 'रिलीफ'ला 'अनुतोष' म्हणतात. माझ्या मावशींना अनुतोष मिळाला तर तो खायचा की प्यायचा, हे मलाच विचारतील त्या!

मराठीत दाद तीन तऱ्हांनी वावरते. आपण दाद मागतो, तिथे ती न्याय असते. गाण्याला दाद देतो, तिथे ती वाहवा असते. आणि अमका कुणाला दाद देत नाही, तिथे ती वाकणं असते. फारसीत मुळात ती न्यायच. इराणमध्ये न्यायालयाला आजही 'दादगाह' म्हणतात. गाण्याची दाद हीसुद्धा एका अर्थाने न्यायच आहे, नाही का? गाणाऱ्याचं जे देणं लागतो ते दिलं. फिर्याद हाही फारसीच. मूळ 'फर्याद' म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक, टाहो. पोलीस स्टेशनात 'फिर्यादी' म्हणून ज्यांची नोंद होते त्या म्हणजे टाहो फोडणाऱ्या. हे मला फार आवडलं.

आता थोडं मागे जाऊ. पश्चिम इराणमध्ये बेहिस्तुन नावाचा एक कडा आहे. त्यावर दारयवहु म्हणजे आपण ज्याला दारियस म्हणतो त्या सम्राटाने सुमारे इसवीसनपूर्व ५२० च्या सुमारास एक भला मोठा लेख कोरवून घेतला. एकच मजकूर, तीन भाषांत. त्यात प्राचीन फारसीत 'दात' हा शब्द येतो. हे सारे प्रदेश माझ्या 'दाता'प्रमाणे वागले, असं राजा सांगतो. दात म्हणजे कायदा. हा दात झिजत झिजत दाद झाला.

त्या 'दात'चं मूळ आपल्या ओळखीचं निघालं. संस्कृतातला 'धा' धातू, ठेवणे, मांडणे. त्यातून विधी, विधान, आणि 'हित'. हित म्हणजे ठेवलेलं. एकत्र ठेवलेलं ते संहिता. म्हणजे आपली विधानसभा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता, आणि मावशींची दाद ही सगळी एकाच कुळातली भावंडं. युरोपातही हे कूळ पसरलेलं आहे. ग्रीकांची न्यायाची देवता थेमिस, इंग्रजीतलं 'डूमस्डे'मधलं 'डूम' म्हणजे निवाडा, हे सगळे त्याच धातूचे. कायदा म्हणजे कुणीतरी ठेवलेली गोष्ट. आणि गंमत बघा, कायदा 'ठेवलेला' असला तर त्याला मान, बाई 'ठेवलेली' म्हटली की शिवी. 'टाकलेली' म्हटली की तीही शिवीच. ठेवणारा आणि टाकणारा मात्र वाक्यात कुठे दिसतच नाही.

जाता जाता आणखी एक. 'विधवा' म्हणजे 'वि' अधिक 'धव', धव म्हणजे नवरा, तो जिचा गेला ती, असं आपल्याला शिकवतात. अभ्यासक म्हणतात ते उलटं आहे. विधवा हा शब्द फार जुना, इंग्रजीतला 'विडो' आणि लॅटिनमधला 'विदुआ' त्याचीच भावंडं. मागाहून कुणीतरी विधवेची चुकीची फोड केली आणि त्यातून 'धव' निघाला. म्हणजे भाषेत आधी बाई एकटी होती, नवरा तिच्यातून काढला!

असो. दादेकडे येते. हा शब्द फक्त आपल्या बाजूला आला असता तर मी एवढी गुंतले नसते. तो दुसऱ्या बाजूलाही गेला. इराणच्या सम्राटांचं राज्य बाबिलोन, सीरिया, पॅलेस्टाईनवर होतं. तिथल्या भाषा वेगळ्याच कुळातल्या, अक्कादी, अरामी, हिब्रू. आपण त्यांना सेमिटिक म्हणतो, अरबी त्यांचीच बहीण. राजा आला तसा राजाचा शब्दही आला. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर 'दातु शा शर्री' असं सापडतं, म्हणजे राजाचा कायदा. अरामीत तो 'दाता' झाला आणि हिब्रूत 'दात'. आणि हिब्रूत तो सगळ्यात जास्त कुठे भेटतो माहीत आहे? एका बाईच्या नावाच्या पुस्तकात. बायबलच्या जुन्या करारातल्या एस्तेरच्या पुस्तकात.

ही गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांनी मला माफ करावं, मी सांगणार आहे. अहश्वेरोश राजा शूशन राजवाड्यात १८० दिवस मेजवान्या देतो. हा राजा म्हणजे दारयवहूचा मुलगा झर्कसिस असं मानतात. गोष्ट घडली तशीच घडली असं बहुतेक अभ्यासक धरत नाहीत, पण मला त्याने फरक पडत नाही. शेवटच्या सात दिवसांच्या दारूच्या मैफलीत, सातव्या दिवशी, राजाला लहर येते. वश्ती राणीला मुकुट घालून इथे आणा, लोकांना तिचं रूप पाहू द्या. राणी तिकडे बायकांना मेजवानी देत असते. ती येत नाही. कारण पुस्तकात दिलेलंच नाही. आली नाही, एवढंच.

मग राजा कायदेपंडितांना बोलावतो आणि विचारतो, 'दाता'प्रमाणे वश्तीचं काय करायचं? एक सल्लागार म्हणतो, हा अपराध एकट्या राजाचा नाही. ही बातमी बायकांमध्ये पसरली तर घरोघरच्या बायका नवऱ्यांना जुमानणार नाहीत. तेव्हा मेदी आणि पारसी यांच्या दातांमध्ये, कायद्यांमध्ये हे लिहून टाका, म्हणजे ते कधी बदलणार नाही. राणी पदच्युत होते. १२७ प्रांतांना, ज्या त्या लिपीत आणि ज्या त्या भाषेत पत्रं जातात की प्रत्येक पुरुषाने आपल्या घरात सत्ता चालवावी आणि आपल्या लोकांची भाषा बोलावी.

हे शेवटचं वाचून मी थांबले. भाषेचं काय मध्येच? अकराव्या शतकात राशी नावाचे मोठे ज्यू भाष्यकार होऊन गेले. त्यांनी याचा अर्थ असा लावला की बायकोची मातृभाषा वेगळी असेल तर नवरा तिला आपली भाषा शिकायला भाग पाडू शकतो. आपल्यापैकी ज्या बेळगावकडून, बुऱ्हाणपूरकडून किंवा गोव्यातून लग्न करून आल्या आणि सासरी बोलण्यावरून हसल्या गेल्या, त्यांना भाष्याची गरज पडू नये.

पुढे त्याच पुस्तकात दुसरी बाई येते, एस्तेर. वश्तीच्या जागी राणी झालेली. तिच्या लोकांच्या कत्तलीचा हुकूम निघतो, तोही दातच. तिला राजाकडे जाऊन सांगायचं असतं. पण कायदा असा की न बोलावता राजापुढे कुणी गेलं तर मृत्यू. राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचणार. एस्तेर म्हणते, मी दाताविरुद्ध जाते, मेले तर मेले. म्हणजे पाहा, एक बोलावल्यावर गेली नाही म्हणून गुन्हेगार. दुसरी न बोलावता गेली म्हणून गुन्हेगार. दाद मागायला जाण्यासाठीच तिला दात मोडावा लागला. आपल्या मावशी तीनदा चौकीत गेल्या त्या अशाच, न बोलावता. राजदंड कुणी पुढे केला नाही.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक हा एस्तेरचा सण, पुरीम, पिढ्यान्‌पिढ्या साजरा करत आले आणि त्याला मराठीत 'होळीचा सण' म्हणत आले. म्हणजे अलिबागच्या बाजूला, मराठी बोलणाऱ्या घरांत, एकाच वेळी हिब्रूतला 'दात' आणि मराठीतली 'दाद' नांदत होती. कुणाला त्यांचं नातं कळलं असेल की नाही कोण जाणे.

हिब्रूत या शब्दाचं पुढे जे झालं ते आपल्या कामाचं आहे. आज हिब्रूत 'दात' म्हणजे कायदा नाही. दात म्हणजे धर्म. 'दाती' म्हणजे धर्म पाळणारा. राजाने ठेवलेला कायदा देवाचा झाला. दुसऱ्या एका शब्दाचा प्रवासही त्याच दिशेने झाला. सेमिटिक भाषांत 'दीन' म्हणजे निवाडा. ज्यू धर्मपीठाला 'बेथ दीन' म्हणतात, निवाड्याचं घर. मदिना हे गावाचं नावही त्याच मुळाचं, जिथवर निवाडा चालतो तो मुलूख. एस्तेरच्या १२७ प्रांतांनाही हिब्रूत 'मदिना'च म्हटलं आहे. अरबीत या दीनला धर्म हाही अर्थ आहे, आणि तो अर्थ इराणी भाषेतल्या 'देन' या वेगळ्याच शब्दाकडून आला असं अभ्यासक मानतात. आपला गरीब बिचारा 'दीन' यांतला कुणीच नाही. थोडक्यात, दोन कुळांचे शब्द एकमेकांत इतके मिसळले की न्याय कुठे संपतो आणि धर्म कुठे सुरू होतो ते कळेनासं झालं.

ही शब्दांची गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण इस्राएलमध्ये १९५३ च्या कायद्याने ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट धर्मपीठांच्या हाती दिले. तिथे नवऱ्याने 'गेट' म्हणजे सोडचिठ्ठी दिल्याशिवाय बाई मोकळी होत नाही. अशा अडकलेल्या बाईला 'अगुना' म्हणतात, आणि त्या शब्दाचं नातं नांगराशी आहे. जहाजाचा नांगर. आपल्याकडे १९८५ साली शाहबानोंना सर्वोच्च न्यायालयाने पोटगी दिली आणि १९८६ साली संसदेत काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. हिंदू कोड बिलाच्या वेळी काय झालं तेही सांगायला नको. १९५१ साली डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे बिल अडवलं जाणं हे एक मोठं कारण होतं. ज्याने त्याने 'आमच्या दाताला हात लावू नका' म्हटलं. पण हा दात कुणीतरी ठेवला होता, हे त्या शब्दातच लिहिलेलं आहे.

इथे मला एका गोष्टीची भीती वाटते. शब्दाचं मूळ सापडलं की आपण म्हणतो, हाच खरा अर्थ. तसं नसतं. 'औरत' घ्या. अरबी 'औरा' म्हणजे झाकायची गोष्ट, अंगाचा लपवायचा भाग, वैगुण्य. हिब्रूत याच मुळाचा शब्द आंधळ्यासाठी आहे आणि अरबीत एकाक्षासाठी. मूळ पाहून आपण हा शब्द फेकून द्यायचा का? पाकिस्तानातल्या बायकांनी फेकला नाही. २०१८ साली कराचीत त्यांनी मोर्चा काढला, त्याचं नाव औरत मार्च. झाकायची गोष्ट रस्त्यावर आली. शब्द ज्यांच्या तोंडी असतो त्यांचा असतो. मूळ कळल्याने एवढंच होतं की तो कुणाकुणाच्या हातातून आलाय ते दिसतं.

'हक्क'ही तसाच. तो सेमिटिक. अरबीत 'हक्क' म्हणजे सत्य आणि जे ज्याचं आहे ते. हिब्रूत त्याच मुळाचा 'होक' म्हणजे कायदा, आणि तिथे मूळ क्रिया आहे कोरणे. दगडात कोरलेलं. आणि आपल्याकडे बहीण तालुक्याला जाऊन भावाच्या सांगण्यावरून हक्कसोडपत्रावर सही करते. कोरलेलं एका सहीने पुसलं जातं. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने वाटा मिळाला, ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मानेच मिळतो हे स्पष्ट केलं, तरी माझ्या ओळखीतल्या शिकलेल्या बायकासुद्धा "माहेर तुटायला नको" म्हणून सही करून येतात. यावर कधीतरी वेगळं बोलू.

हक्क हा शब्द कुणाच्या बाजूने उभा राहील याचा भरवसा नसतो, हे आपल्याकडे रखमाबाईंनी अनुभवलं. ११ व्या वर्षी लग्न झालं, सासरी गेल्या नाहीत. १८८४ साली नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला, वैवाहिक हक्क परत मिळावेत म्हणून. नवऱ्याचं नाव दादाजी भिकाजी. आमच्या किशोरी गटातल्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. असला दावा हिंदू कायद्यातला नव्हेच, तो इंग्रजांकडून आला, असं त्यांचं म्हणणं. खरोखरच तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता. पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. 'केसरी'तून टिळकांनी त्यांच्यावर झोड उठवली. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

बोलावल्यावर न जाणारी वश्ती आणि बोलावल्यावर न जाणाऱ्या रखमाबाई. त्या दाव्याचं काय झालं म्हणाल, तर ज्या इंग्लंडमधून तो आला तिथे १९७० साली तो रद्द झाला. आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आहे. आंध्रच्या हायकोर्टाने १९८३ साली ते कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ते उचलून धरलं. आमच्या केंद्रात बाईने पोटगीचा अर्ज केला की पाठोपाठ नवऱ्याच्या वकिलाची नोटीस येते, 'नांदायला ये'. प्रेमाने नव्हे, पोटगी टाळायला. अशी नोटीस आली तर घाबरून सही करू नका, गप्पही बसू नका. वकिलाकडून लेखी उत्तर द्या आणि मारहाणीचे, उपचारांचे कागद त्याला जोडा.

आता मावशींच्या अर्जाकडे येते. त्यांनी 'दाद लिही' म्हटलं तेव्हा मला वाटलं, शब्दात काय आहे? आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं, पण अर्धं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कलम १२ चा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. तो तुम्ही स्वतः करू शकता, संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत करू शकता. पण नुसतं 'दाद मिळावी' म्हणून चालत नाही. कुठली दाद, ते लिहावं लागतं. मारहाण थांबावी, हे कलम १८. राहत्या घरातून काढू नये, काढलं असेल तर परत आत घ्यावं किंवा दुसरी सोय करावी, हे कलम १९. घर नवऱ्याच्या नावावर आहे की सासऱ्याच्या, याने तुमचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही. खर्च, औषधपाणी, बुडालेली मजुरी, हे कलम २०. मुलांचा ताबा २१. झालेल्या त्रासाची भरपाई २२. निकाल लागेपर्यंत थांबायचं नसेल तर कलम २३ खाली अंतरिम हुकूम मागायचा, आणि तो अर्जात मागायला विसरायचं नाही. आम्ही सुरुवातीला विसरायचो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि निकाल पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही जाणता, म्हणून ते कलम पाठ करून ठेवा आणि कोर्टात वकिलाला आठवण करून द्या.

मावशींचा अर्ज आम्ही पुन्हा लिहिला. पाच मुद्दे घातले, अंतरिम हुकूमही मागितला. वाचून दाखवला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि दाद?" मी शेवटची ओळ लिहिली, 'करिता वरीलप्रमाणे दाद मिळावी.' मग त्यांनी अंगठा दिला. पहिली तारीख बाविसाव्या दिवशी पडली. मावशी आणि मी दोघी गेलो होतो. त्या दिवशी साहेब रजेवर होते. पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे. तुमच्यापैकी कुणाला सोबत यायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.